आक्का गेली, नाव राहून गेलं

वाचकहो, आज सुरुवातीलाच एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या आजीचं नाव काय? घरात हाक मारतात ते नव्हे, कागदावर लिहितात ते. पटकन सांगता आलं तर उत्तम. नाही आलं, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

मलाही सांगता आलं नसतं. आमच्या आजीला सगळं घर 'आक्का' म्हणत असे. धाकटे दीर आक्का म्हणायचे, त्यांचं ऐकून तिची स्वतःची मुलं म्हणू लागली आणि मुलांचं ऐकून आम्ही नातवंडं. गावातही ती आक्काच. रेशनकार्डावरचं तिचं नाव डोळ्यांखालून गेलं असेल, पण नीट वाचलं ते मृत्यूच्या दाखल्यावर. २०१९चा जानेवारी महिना होता. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते आणि आक्का गेली. पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीतून दाखला हातात पडला, तेव्हा क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा दिला की काय!

ते नाव इथे छापत नाही. त्या जागी तुम्ही आपापल्या घरातलं नाव घाला. गोष्ट बहुतेक तीच निघेल.

चाड्यावरची मूठ

आमचं गाव मंगळवेढे तालुक्यातलं. हा मुलूख ज्वारीचं कोठार म्हणून ओळखला जातो. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं रयतेसाठी खुली केली, ती कथा इथलीच. भारी काळी जमीन, पाणी बेताचं आणि भरवसा सगळा रब्बीवर. पावसाळा सरत आला की जमिनीतल्या ओलीवर शाळू पेरायचा आणि पुढे थंडीवर तो पोसायचा. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही आक्काला चेष्टेने म्हणालो, "आक्का, तुझ्या जुंधळ्याला सरकारचा शिक्का मिळाला." ती म्हणाली, "शिक्का मिळंल, पाऊस कुठं मिळतोय?"

गांधीजी गेले त्या सालात, म्हणजे १९४८ला, तिचं लग्न झालं. वय असेल चौदा-पंधरा. लग्नानंतरच्या पहिल्याच पेरणीला सासऱ्यांनी तिला तिफणीमागे उभं केलं. तेव्हापासून चाड्यावर मूठ धरायची ती आक्कानेच. औत आजोबांचं, मूठ तिची. दाणा दाट पडला तर ताटं बारीक राहतात, विरळ पडला तर रान ओसाड दिसतं. तिच्या मुठीतून दाणा असा सुटे की उगवलेल्या तासात कुठे नांगा दिसत नसे.

बियाण्याचा कारभारही तिचाच. काढणीच्या आधी आठ दिवस ती एकटी रानात जाई आणि उभ्या पिकातली कणसं हेरून ठेवी. गच्च भरलेली, टपोऱ्या दाण्याची, कीड न लागलेली. ती वेगळी खुडून चुलीच्या धुरावर आढ्याला टांगायची. नंतर दाणे चोळून, राख लावून, कडुलिंबाचा पाला घालून गाडग्यात भरायचे आणि गाडग्याचं तोंड शेणमातीने लिंपून टाकायचं. घरात कितीही तंगी असो, त्या गाडग्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आपल्या जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात जी मालदांडी ३५-१ ज्वारी निवडून तयार झाली, तिच्यामागेही हेच तत्त्व आहे: उभ्या पिकातून चांगलं ते निवडत जायचं. शास्त्राने त्या वाणाला नाव दिलं, नंबर दिला. आक्काचं वाण नुसतं 'घरचं बी' राहिलं.

आणि पेव! आजच्या पोरांनी पेव पाहिलेलं नसेल. जमिनीत खोल खणलेला, तोंडाशी अरुंद आणि आत रांजणासारखा फुगलेला खड्डा. त्यात ज्वारी भरून वरून मातीने बंद करायचं, की वर्षं काढली तरी दाणा टिकायचा. पण पेव उघडल्याबरोबर आत उतरलेला माणूस गुदमरून मेल्याच्या गोष्टी गावोगावी आहेत. कोंडलेल्या धान्याचा कर्बवायू आत साठून राहतो आणि श्वासाला हवा उरत नाही. आक्काला हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. पण पेव उघडलं की ते दिवसभर तसंच उघडं ठेवायचं आणि मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, हा तिचा नियम. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. एकदा घाईला आलेला एक गडी "काय होतंय आक्का" म्हणत पेवात पाय सोडायला लागला, तर तिने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "जुंधळा सरला तर मागून आणीन रं, माणूस कुठनं आणू?" असं तिचं बोलणं.

मस्टरवरचं नाव

१९७१ला पावसाने हात आखडला आणि १९७२ला तर तोंडच दाखवलं नाही. पेव रिकामं झालं. आजोबांनी बैलजोडी मातीमोलाने विकली. त्या रात्री आजोबा जेवले नाहीत आणि आक्का झोपली नाही. सकाळी उठून धाकट्या आत्याला काखेला मारलं आणि दुष्काळी कामावर गेली.

राज्यभर अशी कामं निघाली होती. १९७३च्या मे महिन्यात त्यांवर जवळपास ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात गावोगाव पोचली. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९पासून तो अमलात आला. पण आक्काला कायदा ठाऊक नव्हता, तिला खडी ठाऊक होती. डोक्यावर पदर, हातात हातोडा, समोर दगडाची रास. कामावर मिळालेली सुकडी ती पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची. परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी त्या वर्षी घरोघर थापल्या गेल्या. पांढऱ्याशुभ्र शाळूवर वाढलेल्या मुलखाला तीही भाकरी गोड मानून घ्यावी लागली.

आता इथे एक गोष्ट पाहा. मतदार यादी सोडली तर सरकारी कागदावर आक्काचं नाव पहिल्यांदा आलं ते या खडीच्या मस्टरवर. तिथे तिला स्वतःचं नाव सांगावं लागलं आणि नावापुढे अंगठा उठवावा लागला. त्याचं तिला फार अप्रूप होतं. म्हातारपणी सांगायची, "मुकादमानं नाव पुकारलं का मी 'हाय' म्हणायची. घरात कवा कुणी नावानं हाक मारली न्हाई, थितं रोज मारायचे."

आम्ही हसायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे फार उशिरा कळलं.

कागद म्हणतो, ही बाई कोण?

आजोबा १९७८ साली वारले. आक्का तेव्हा पंचेचाळिशीच्या आतबाहेर होती. पदरात दोन मुलं आणि तीन मुली, त्यांतली एकच उजवलेली. तेरावं झालं, वारसाची नोंद करायची वेळ आली. सातबाऱ्यावर आमच्या दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव चढलं आणि पुढे तीन अक्षरं लागली: 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरला मुलगा सगळ्यांच्या वतीने कारभारी, बाकीची नावं घरातच राहिली. त्या काळी गावोगाव असंच चालायचं, त्यात कुणाचा कावा नव्हता. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला आणि मुलींनाही वारस मानलेलंच होतं. पण कायदा दिल्लीत आणि सातबारा गावात.

मॅनेजर दादा आणि मॅनेजरला पहाटे उठवणारी आक्का! कुठल्या पट्टीत करडई, कुठे हरभरा, कडबा किती ठेवायचा आणि किती विकायचा, कुणाच्या लग्नात काय आहेर करायचा, हे सगळं ती ठरवी. उरलेल्या दोन मुलींची लग्नं तिने लावली. तात्यांचं, म्हणजे धाकट्या मुलाचं शिक्षण तिने केलं. सही दादांची, निर्णय तिचा. यात कुणाला काही कमी वाटत नव्हतं. तिलाही वाटत नसेल, अशी आमची समजूत होती.

मग २००३ साल आलं. पुन्हा दुष्काळ, पुन्हा जनावरं छावणीत. त्यातच दादांचं ऑपरेशन निघालं. ते सोलापूरला दवाखान्यात, तात्या त्यांच्याजवळ. हातातला पैसा संपला. सत्तरीची आक्का एकटीच एस.टी.ने निघाली आणि जिथे आमच्या घराचं पीककर्जाचं खातं होतं, तिथे जाऊन उभी राहिली. जमिनीवर थोडी रक्कम मिळते का, एवढंच तिला विचारायचं होतं. टेबलामागच्या माणसाने कागद पाहिला आणि म्हणाला, "आजी, सातबाऱ्यावर नाव कुठाय तुमचं?" तो काही वाईट बोलला नाही. पुढ्यात जो कागद होता, तो त्याने वाचला.

आक्का परत आली ती सराफाकडे बोरमाळ ठेवूनच. पैसे दवाखान्यात पोचले. घरात ती कुणाला काही बोलली नाही. रात्री मी जवळ बसलो होतो, तेव्हा छपराकडे बघत म्हणाली, "पंचावन वर्सं मूठ धरली रं मी त्या रानात. कागुद म्हंतोय, ही बाई कोण?"

मी शिकलेला होतो. रोज पेपर वाचत होतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची 'लक्ष्मी मुक्ती' मोहीम चालवली होती आणि १९९२ साली सरकारनेही त्याच नावाने आदेश काढला होता, हे मी ऐकून होतो. आक्काच्या बाबतीत नवरा हयात नसल्याने तो मार्ग लागू नव्हता. पण राहिलेली वारसनोंद उशिरानेही करता येते, हे नुसती चौकशी केली असती तरी कळलं असतं. मी म्हणालो, "आक्का, लावू आपण तुझं नाव." आणि लावलं नाही. या सुगीला करू, पुढच्या दिवाळीला करू, असं करता करता सोळा वर्षं गेली. कुणी अडवलं नव्हतं. राहून गेलं, बस्स.

मधल्या काळात २०१३चा अन्नसुरक्षा कायदा आला. त्याने घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या स्त्रीला रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख ठरवलं. आक्काचं नाव वर गेलं. ते कार्ड तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत जपून ठेवलं होतं. बघा म्हणजे, दुकानातून गहू-तांदूळ घेताना ती घराची प्रमुख आणि ज्या रानात जुंधळा पिकतो त्या रानाची कोणीच नाही!

तेराव्याचा कागद

ती गेली त्या साली पुन्हा दुष्काळच होता. शाळू गुडघ्याएवढा राहिला होता. दहाव्याला कावळा शिवेना. दादांनी हात जोडले, तात्यांनी जोडले, तरी शिवेना. शेवटी थोरली आत्या पुढे झाली आणि म्हणाली, "आक्का, बियाचं गाडगं मी संभाळीन." मग शिवला.

तेराव्याच्या संध्याकाळी, पाहुणे पांगल्यावर, तात्यांनी एक कागद काढला. हक्कसोडपत्राचा मसुदा. तिन्ही बहिणींनी जमिनीवरचा हक्क भावांसाठी सोडायचा. अक्षर सुवाच्य होतं. वाचकहो, ते अक्षर माझं होतं. "सगळी जमलीत तोवर ठरवून टाकू," असं तात्या म्हणाले होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

धाकट्या दोघी आत्या तयार होत्या. माहेर तुटायला नको, चोळी-बांगडी चालू राहू दे, एवढंच त्यांचं म्हणणं. थोरल्या आत्याला आक्कासारखंच लिहिता-वाचता येत नाही. ती म्हणाली, "वाचून दाव." मी वाचायला लागलो. आजोबांचं नाव, मग दादांचं, तात्यांचं, तिन्ही आत्यांचं.

"आन आक्का?"

आक्काचंही नाव होतं. त्यापुढे मी 'मयत' लिहिलं होतं.

"म्हंजी मेल्यावर लिवलं व्हय रं तिला?" आत्या म्हणाली. मग तात्यांकडे वळली. "मला रान न्यायचं न्हाई, बाबा. मी कुठं न्हिऊ? तूच कर, तूच खा. पर आक्कावानी माजं नाव मेल्यावर नगं. जितेपणी ऱ्हाऊ दे. मी अंगठा देत न्हाई."

घर एकदम गप झालं. दादा उठले, माझ्या हातातला मसुदा घेतला आणि घडी घालून खिशात टाकला. "आत्ता नको," एवढंच म्हणाले. तो मसुदा पुन्हा निघाला नाही.

पुढे रीतसर वारसनोंद झाली. पाचही भावंडांची नावं लागली, 'ए.कु.मॅ.' गेलं. आक्काचं नाव फेरफारात एका ओळीपुरतं आलं, तेही 'मयत' म्हणूनच. तात्या दोन वर्षं थोरल्या आत्याशी बोलले नाहीत. भाऊबीजेला तिला बोलावणं गेलं नाही. तिने त्याबद्दल कुणाकडे तक्रार केली नाही, पण रडली असणार. तिसऱ्या वर्षी तात्या स्वतः जाऊन तिला घेऊन आले. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. पण रान अजून एकत्रच कसलं जातं, सुगीला आत्यांच्या घरी ज्वारी पोचते आणि 'बहिणींची नावं लावली की घर फुटतं' म्हणणाऱ्यांना सांगतो, आमचं घर फुटलं नाही.

आता कामाचं बोलू

तुम्ही म्हणाल, एवढी नावाची उठाठेव कशाला? रान काय, घरातलंच आहे. तर मंडळी, २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार देशात शंभर खातेदारांमागे स्त्रिया चौदाच्या आसपास निघाल्या. पेरणी, खुरपणी, काढणी यांत बायका किती असतात, ते तुम्ही आपल्या बांधावर उभं राहून मोजा. नाव नसलं की पीककर्ज अडतं, पीकविमा अडतो. २०१९ला सुरू झालेल्या पीएम-किसानचे वर्षाचे ६००० रुपयेसुद्धा नावावर जमीन असणाऱ्यालाच मिळतात. घरचा कर्ता अचानक गेला तर हे फार टोचतं.

म्हणून पहिलं काम, आपला सातबारा आणि आठ-अ काढून वाचा. ते आता 'महाभूमी'च्या संकेतस्थळावरही दिसतात. त्यावर गेलेल्या माणसाचं नाव तसंच आहे का? 'ए.कु.मॅ.' अजून आहे का? घरातल्या बाईचं नाव आहे का?

दुसरं, नवरा हयात असेल तर लक्ष्मी मुक्तीखाली तो स्वतः तलाठ्याकडे अर्ज करून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. त्यासाठी मरणाची वाट पाहावी लागत नाही.

तिसरं, माणूस गेल्यावर वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र लागतं. चौकशी होऊन नोटीस निघते आणि मग फेरफार मंजूर होतो. उशीर झाला असला तरी नोंद होते. २०२५ साली सरकारने 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढली ती अशाच राहिलेल्या नोंदींसाठी. अर्ज करताना आई आणि बहिणी गाळू नका. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबर हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट काढली. वडील २००५च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं.

चौथं, हक्कसोडपत्र. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. घरी साध्या कागदावर घेतलेल्या सहीने हक्क सुटत नाही. पण एकदा नोंदवलं की ते फिरवणं फार अवघड. बहिणीने खुशीने सोडलं तर तो तिचा मोठेपणा. मात्र तेराव्याच्या दिवशी, डोळ्यातलं पाणी खळलेलं नसताना, तिच्यापुढे कागद धरू नये. हे मी धरून बसलेला माणूस सांगतो आहे.

बियाचं गाडगं थोरल्या आत्याने नेलं ते नेलंच. दर वर्षी शाळूच्या पेरणीआधी तिच्याकडून दोन-चार मुठी घरचं बी येतं आणि दादा ते वेगळ्या तासात पेरतात. आता तिफणीमागे कुणी चालत नाही, ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रातून दाणा पडतो. पण तेवढे दोन तास दादा चाडं लावून हातानेच पेरून घेतात. त्यात नांगे पडतात. आक्काची मूठ कुणाला साधली नाही.

वाचकहो, तुमच्या घरात अशी मूठ अजून असेल तर आज संध्याकाळी तिच्यापाशी जाऊन बसा. तिचं नाव तिच्याच तोंडून ऐका. ती लाजेल, "माझं नाव कशाला रं आता?" म्हणेल. तरी विचारा, लिहून घ्या आणि सोमवारी तलाठ्याच्या कचेरीत जा. पुढच्या सुगीवर टाकू नका.